सह्याद्रीत खुणा धरून चालणे : वाट ओळखण्याचे आणि वाट सांगण्याचे सविस्तर मार्गदर्शन

सह्याद्रीत वाट धुक्यात किंवा अंधारात चुकली असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती त्याआधी तासभर, स्वच्छ उजेडातच चुकलेली असते. जिथे दोन वाटा फुटल्या तिथे कोणते झाड होते, डावीकडे कोणता सुळका दिसत होता, ओढा कितव्यांदा ओलांडला, यांपैकी काहीच टिपलेले नसते आणि धुके उतरल्यावर आठवायलाही काही उरत नाही. खुणांवरून चालण्याची विद्या म्हणजे मुख्यतः दिसत असतानाच नीट पाहून ठेवण्याची सवय. ती कोणालाही लावून घेता येते आणि तिला महागडी साधने लागत नाहीत.

या लेखात एकच सूत्र पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ते आधीच सांगतो. खूण एकटी असेल तर तिचा उपयोग फार थोडा. समोर सुळका दिसतो एवढ्यावरून आपण त्या सुळक्याच्या आसपास कुठेतरी आहोत, इतकेच कळते. तोच सुळका उजव्या हाताला, मागे खिंड आणि पायाखाली पूर्वेकडे उतरणारी सोंड, अशी तीन गोष्टींची जोड लागली की आपली जागा ठरते. खुणा वेचायच्या त्या एकमेकींशी जोडूनच.

मोबाइलवरचा नकाशा वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. तो जवळ असावाच, आणि आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क मिळत नाही. मात्र कोणीतरी मे महिन्यात चालून नोंदवलेली वाट सप्टेंबरात पुरुषभर गवताखाली असते, आणि पावसात भिजलेला पडदा बोटाला दाद देत नाही. अशा वेळी मोबाइल हाती येण्यापूर्वी डोळ्यांनी केलेले काम उपयोगी पडते.

पहिली पायरी : डोंगराची घडण समजून घेणे

सह्याद्री लाव्हारसाच्या आडव्या थरांनी बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या या थरांपैकी कठीण थर आज कड्यांच्या रूपाने उभे आहेत आणि तुलनेने मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि सपाट टप्पे झाले आहेत. कडा, त्याखाली उतार, पुन्हा कडा अशी रचना त्यामुळे डोंगरभर दिसते. वाट शोधणाऱ्याने या रचनेचे काही परिणाम पक्के लक्षात ठेवले पाहिजेत.

वाट कड्याच्या पोटाखालून बराच वेळ आडवी जाते आणि जिथे कडा फुटला असेल तिथेच वर चढते. हे फुटण्याचे ठिकाण म्हणजे एखादी नाळ (कड्यातली उभी फट), डोंगराची उतरती सोंड किंवा दोन शिखरांमधली खिंड. डोंगराकडे दुरून पाहताना आधी माथा शोधू नये. कड्यांच्या आडव्या पट्ट्या कुठे तुटल्या आहेत ते शोधावे. वाट तिथूनच असणार. दुसरी गोष्ट अशी की सगळे टप्पे एकमेकांसारखे दिसतात. ‘कड्याखालची सपाटी’ ही खूण होऊ शकत नाही, कारण अशा तीन सपाट्या एकाच डोंगराला असू शकतात. म्हणून पायथ्याशी उभे राहूनच कड्यांचे पट्टे मोजून घ्यावेत आणि आपल्याला कितव्या पट्ट्यावरून आडवे जायचे आहे ते ठरवावे.

तिसरी गोष्ट दिशेची. सह्याद्रीची मुख्य रांग साधारण उत्तर-दक्षिण धावते. तिचा पश्चिमेकडचा चेहरा कोकणात सरळ तुटून पडतो आणि पूर्वेकडे देशावर ती हळूहळू उतरत जाते. घाटमाथ्यावर भीमा, कृष्णा किंवा गोदावरीच्या खोऱ्यातले ओढे पूर्वेकडे निघतात. कोकणातले ओढे कड्यावरून खाली उड्या घेतात. ढगाळ दिवशी सूर्य दिसत नसला तरी कोकणकडा कोणत्या हाताला आहे एवढे ठाऊक असले की चारही दिशा ठरतात. यात एक सावधगिरी हवी. मुख्य रांगेतून पूर्वेकडे निघालेल्या उपरांगांवर हा नियम लागू पडत नाही. तिथे धार, म्हणजे डोंगराचा अरुंद माथा, पूर्व-पश्चिम असते आणि दऱ्या उत्तर-दक्षिण बाजूंना असतात.

दुसरी पायरी : घरी बसून खुणांची माळ तयार करणे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामासाठी उत्तम आहेत. या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) साधारण २० मीटर उंचीचा फरक. रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा. जिथे लांब लांब जातात तिथे पठार. जिथे त्या उताराच्या दिशेने बाहेर फुगतात तिथे सोंड. आणि जिथे डोंगराच्या आत शिरतात तिथे ओढा किंवा घळ.

नकाशा पुढ्यात घेऊन आपली वाट पाच-सहा टप्प्यांत तोडावी. प्रत्येक टप्प्यासाठी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात.

१. टप्पा सुरू होतो ती खूण आणि संपतो ती खूण.

२. टप्पाभर कडेला सोबत करणारी लांबलचक खूण. ही धार असेल, ओढा असेल, कड्याचा पायथा असेल किंवा जंगलाची सीमा असेल. ‘ओढा उजव्या हाताला ठेवून’ असे गावकरी सांगतात तेव्हा ते हीच खूण देत असतात.

३. ओलांडली तर आपण पुढे निघून आलो असे सांगणारी खूण. ही नोंद बहुतेक जण करत नाहीत, पण चारींमध्ये मला ती सर्वांत मोलाची वाटते. खिंडीत पोहोचायचे असेल आणि वाट पलीकडच्या दरीत उतरू लागली, तर थांबायचे. हे ‘उतरू लागली’ आधीच लिहून ठेवलेले असले की चुकीच्या दिशेने आणखी अर्धा तास चालणे वाचते.

४. लागणारा वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा असा : दर ३ मैलांना एक तास आणि शिवाय दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. सह्याद्रीतील दाट झाडी, घसारा (सुट्या दगडमातीचा निसरडा उतार) आणि ऊन पाहता हा हिशेब नवख्यांना पुरत नाही. त्यात निम्म्याने भर घालावी. वेळ ही दिसणारी खूण नसली तरी ती पडताळणी करते : अर्ध्या तासात लागायला हवी ती खिंड तासभर चालूनही लागली नाही, तर काहीतरी बिघडले आहे.

लहान जागी पोहोचायचे असेल, उदाहरणार्थ झाडीतले पाण्याचे टाके, तर थेट त्याच्यावर नेम धरू नये. आधी त्याच्या जवळची मोठी, न चुकणारी खूण गाठावी, जसे की तटबंदीचा कोपरा किंवा धारेवरचा उंचवटा, आणि तिथून थोडे अंतर मोजून टाक्याकडे जावे. त्याचप्रमाणे ओढ्याकाठच्या एखाद्या पाड्यावर पोहोचायचे असल्यास मुद्दाम थोडे वरच्या अंगाला नेम धरावा. ओढा लागला की पाडा खालच्या बाजूलाच असणार हे नक्की असते. सरळ नेम धरून चुकल्यास डावीकडे वळायचे की उजवीकडे हेच कळत नाही.

तिसरी पायरी : गावात वाट विचारणे

पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय डोंगर चढू नये. नकाशा जुना असतो आणि मळलेल्या वाटा बदलत असतात. दरड कोसळते, कोणी शेताला कुंपण घालते, कुठे नवा रस्ता कापला जातो. या बदलांची खबर गुरे राखणाऱ्या मामांना आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या मावशींना असते.

विचारण्याची पद्धत मात्र जमली पाहिजे. “मामा, ही वाट गडावर जाते ना?” असे विचारले की बहुधा “जाते की” असे उत्तर येते. ते खोटे नसते. फिरून फिरून जाणारी असली तरी ती वाट जाते. त्याऐवजी “मामा, तुम्ही स्वतः गडावर जाताना कुठून जाता?” असे विचारावे. मग “इथून वाघजाईच्या राउळापर्यंत जा, तिथं वाट फुटते, डावी धरा, ओढा उजव्या अंगाला ऱ्हाईल” असे खुणांनी भरलेले उत्तर मिळते. ते मध्येच न तोडता ऐकावे आणि नंतर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. चुकीचे म्हटले तर ते लगेच दुरुस्त करतात.

आणखी दोन प्रश्न न विसरता विचारावेत. पहिला : “लोक कुठं चुकतात?” दुसरा : “चुकून उजवी वाट धरली तर कुठं जाऊन पडू?” या दोन उत्तरांत नकाशावर कधीच न सापडणारी माहिती असते. अंतराविषयीच्या उत्तरावर मात्र फार विसंबू नये. रोज डोंगर चढणाऱ्या माणसाचे ‘हे काय, इथंच’ आपल्याला दीड तासाचे पडू शकते. अंतराऐवजी “सकाळी निघालात तर तुम्ही किती वाजता पोहोचता?” असे विचारून त्यात आपल्या चालीप्रमाणे भर घालावी.

गावकऱ्यांच्या शब्दांचा अर्थ ठाऊक असला तर सांगितलेली वाट डोळ्यांपुढे उभी राहते. सोंड म्हणजे मुख्य डोंगरातून खाली उतरत आलेला फाटा. धार म्हणजे दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद माथा. नाळ म्हणजे कड्यात पडलेली उभी, दगडगोट्यांनी भरलेली फट. लवण म्हणजे दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग. नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक. सडा म्हणजे उघडा सपाट कातळ. ढोरवाट म्हणजे गुरांची वाट, आणि तिच्यापासून सावध राहायचे.

चौथी पायरी : कोणत्या खुणेवर किती भरवसा ठेवावा

सर्वांत भरवशाच्या खुणा म्हणजे भूरूपे : खिंड, सुळका, धारेची वळणे, दोन ओढ्यांचा संगम. त्या ऋतूनुसार बदलत नाहीत आणि कोणी हलवू शकत नाही. कर्नाळ्याचा अंगठा, रतनगडाचे नेढे, तैलबैलाच्या दोन भिंती, मनमाडजवळची हडबीची शेंडी या खुणा एकदा पाहिल्या की दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही.

तरीही भूरूपाची ओळख एकाच बाजूने करून घेतली तर ते फसवते. प्रबळगडाशेजारचा कलावंतिणीचा सुळका समोरून पाहिला तर मध्ये खोल खाच आणि बाजूला टोकदार सुळका असा स्पष्ट दिसतो. कोन बदलला की तोच सुळका प्रबळच्या भिंतीत मिसळून जातो. नाणेघाटाचे उदाहरण याहून बोलके आहे. कोकणातल्या वैशाखऱ्याच्या बाजूने चढणाऱ्याला नानाचा अंगठा उभ्या अंगठ्यासारखा आभाळात घुसलेला दिसतो आणि त्याच्या रोखाने चालत राहिले तरी दिशा चुकत नाही. सातवाहन काळापासूनच्या त्या घाटाने लेण्यांपाशी आणि दगडी रांजणापाशी वर आल्यावर तोच अंगठा गवताळ, सौम्य चढाचा एक साधा उंचवटा वाटतो; त्याची पलीकडची बाजू अचानक कोकणात तुटली आहे हे काठावर जाईपर्यंत कळत नाही. पावसाळी धुक्यात त्या उतारावर ‘चढ आहे म्हणजे डोंगराकडेच चाललो’ असे समजून जाणे धोक्याचे आहे. अशा खुणेचे दोन्ही चेहरे आधीच छायाचित्रांत पाहून ठेवावेत.

त्यानंतर भरवसा ठेवावा तो जुन्या मानवी खुणांवर. कातळात खोदलेल्या पायऱ्या, खांब रोवण्यासाठी कोरलेली भोके, पाण्याची टाकी, वीरगळ, खिंडीतले शेंदूर लावलेले दगड, घाटाच्या तोंडाशी असलेली वाघजाई. या सगळ्या सांगतात की इथून पूर्वी माणसांचा राबता होता. मळलेली वाट हरवली आणि शोधता शोधता दोनच खोदीव पायऱ्या सापडल्या, तरी आपण जुन्या वाटेवर आहोत असे मानायला हरकत नाही. ती वाट आज पुढे शाबूत आहे, असे मात्र त्यावरून ठरत नाही. पायऱ्या सुरुंगाने उडवलेले किंवा दरडीने तुटलेले गड अनेक आहेत.

नव्या मानवी खुणा, म्हणजे रंगाचे बाण, फांद्यांना बांधलेल्या फिती, दगडावर रचलेले दगड, यांना मी साक्षीदार मानतो, निवाडा करणारे नव्हे. बाण कोणी, कोणत्या वाटेसाठी काढला ते आपल्याला ठाऊक नसते. एकाच दगडावर दोन वेगवेगळ्या गटांचे परस्परविरुद्ध बाणही असतात. आपल्या टिपणातली खूण आणि बाण जुळत असतील तर पुढे जावे. जुळत नसतील तर टिपणाला मान द्यावा. मोबाइलचा मनोरा, विजेच्या उच्चदाब तारा, पवनचक्क्या या दुरून दिसणाऱ्या खुणा दिशेसाठी चांगल्या असतात, पण त्या एकसारख्या अनेक असतात, त्यामुळे ‘पवनचक्कीपाशी’ असे सांगून भागत नाही.

सर्वांत कमी भरवशाच्या खुणा झाडाझुडपांच्या आणि पाण्याच्या. जून ते सप्टेंबरात पांढरीशुभ्र दिसणारी धबधब्याची रेघ डिसेंबरात काळा कातळ होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी दुरून उठून दिसणारा पांगारा किंवा पळस जूनमध्ये हिरव्या गर्दीत हरवतो. कारवीची झुडपे पावसाळ्यात डोक्याच्या वर जातात आणि त्यांच्यातून चालताना दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. एकटे, जुने, मोठे झाड मात्र वेगळे. माळावरचा एकमेव वड किंवा आंबा आसपासच्या गावांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या असतो आणि त्याला खूण मानायला हरकत नाही.

ढोरवाटांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण सह्याद्रीत वाट चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच आहे. गुरांची वाट अगदी मळलेली आणि रुंद असते. ती उतारावर समांतर ओळींनी चालते, वारंवार फुटते आणि पुन्हा मिळते, आणि अखेर चराऊ कुरणात किंवा पाणवठ्याशी विरून जाते. माणसांची वाट एका मुक्कामाकडे जाते, चढाला नागमोडी वळणे घेते, अवघड जागी हाताने धरण्याची झिजलेली खाच किंवा गुळगुळीत झालेला दगड दाखवते. फांद्या कमरेच्या उंचीला मोकळ्या पण चेहऱ्याच्या उंचीला अडवणाऱ्या असतील, तर ती वाट बहुधा गुरांचीच.

पाचवी पायरी : चालताना

टप्प्याच्या सुरुवातीला थांबून पुढची खूण मोठ्याने म्हणावी : “आता धार डाव्या हाताला ठेवून खिंडीपर्यंत.” गटात असाल तर सर्वांनी ऐकले पाहिजे. पुढचा एकच माणूस वाट पाहतो आणि बाकीचे त्याची पाठ पाहतात, अशा गटात चूक पकडणारे कोणीच नसते. शेवटच्या माणसाकडे एक काम मुद्दाम द्यावे : मागे पाहण्याचे.

मागे वळून पाहणे ही एकच सवय लागली तरी परतीच्या निम्म्या अडचणी टळतात. जाताना जी वाट सहज दिसली ती येताना अगदी परकी वाटते, कारण उजेड दुसऱ्या बाजूने पडतो, डोंगरांचे आकार उलटतात, आणि वर येताना एकत्र मिळालेल्या दोन वाटा उतरताना फुटलेल्या दिसतात. प्रत्येक फाट्यावर, ओढा ओलांडल्यावर, झाडीतून उघड्यावर आल्यावर आणि पठारावर चढल्यावर लगेच मागे वळून पाहावे. पठारावर वर येण्याची जागा तर हमखास हरवते; शंभर पावले पुढे गेले की कडेची घळ दिसेनाशी होते. तिथे मोबाइलने मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे, त्यात जवळचा एक दगड आणि दूरचा एक डोंगर दोन्ही येतील असे.

जवळची आणि दूरची खूण एका रेषेत धरण्याची युक्ती चालतानाही कामाची आहे. समोरचे झाड आणि त्यामागचा सुळका एका ओळीत दिसत असतील, तोवर आपण सरळ रेषेत चाललो आहोत. झाड सुळक्याच्या डावीकडे सरकले म्हणजे आपण उजवीकडे ढळलो. रुंद सड्यावर, जिथे पायवाट उमटतच नाही, तिथे दिशा राखण्याचा याहून सोपा उपाय नाही.

सहावी पायरी : आपली जागा ठरवणे, राजगडाच्या परिसरातील उदाहरण

समजा आपण राजगडाच्या माथ्यावर आहोत आणि आकाश स्वच्छ आहे. पश्चिम-वायव्येला सुमारे ७ किलोमीटरवर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा पसरलेला दिसतो. त्याचा आकार लांबट आहे आणि बुधला माचीवरचा बुधल्याच्या आकाराचा सुळका त्याची ओळख पटवतो. उत्तर-ईशान्येला सुमारे १५ किलोमीटरवर सिंहगड. त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसला की शंका उरत नाही. पूर्वेला, साधारण ३० किलोमीटरवर, पुरंदर आणि त्याला चिकटलेला वज्रगड अशी जोडी. या तीन दिशा मनात बसवून घेतल्या की संजीवनी, सुवेळा आणि पद्मावती या माच्यांपैकी आपण कोणत्या बाजूला तोंड करून आहोत ते नकाशाशिवाय कळते. प्रत्येक गडावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे अशी क्षितिजाची ओळख करून घेण्यात घालवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती मिनिटे खाली दरीत उतरल्यावर उपयोगी पडतात.

आता समजा आपण याच परिसरात एखाद्या धारेवर आहोत आणि नेमकी जागा ठरवायची आहे.

१. ओळख पक्की असलेल्या दोन खुणा निवडाव्यात, इथे तोरणा आणि सिंहगड. दोन्हींकडे पाहताना मध्ये होणारा कोन काटकोनाच्या जवळपास असावा. राजगडावरून तो तसाच असतो, म्हणून ही जोडी आदर्श आहे. कोन फारच अरुंद असेल तर उत्तरात चूक वाढते.

२. होकायंत्राने प्रत्येक खुणेची दिशा अंशांत मोजावी. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि नकाशावरील उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे, त्यामुळे पायी फिरण्यासाठी दुरुस्ती करण्याची गरज नाही. मात्र आपला काळा कातळ चुंबकीय खनिजयुक्त आहे. होकायंत्र दगडावर टेकवून वाचू नये, हातात धरून वाचावे, आणि चार पावले सरकून पुन्हा वाचून पाहावे. दोन्ही वेळा तीच दिशा आली तरच ती धरावी.

३. नकाशावर तोरण्यावरून आणि सिंहगडावरून त्या दिशांच्या उलट रेषा ओढाव्यात. मोजलेल्या अंशांत १८० मिळवले, किंवा ते १८० पेक्षा जास्त असतील तर १८० वजा केले, की उलट दिशा मिळते. रेषा छेदतात तिथे आपण.

४. छेदनबिंदू जमिनीशी ताडून पाहावा. बिंदू खिंडीत आला आणि आपण धारेवर उभे असू, तर मोजण्यात चूक आहे. दिशा ५ अंशांनी चुकली तर ७ किलोमीटरवरच्या खुणेने जागा सुमारे ६०० मीटर हलते आणि १५ किलोमीटरवरच्या खुणेने १,३०० मीटर. म्हणूनच जवळची खूण मिळत असेल तर दूरची घेऊ नये.

धारेवर किंवा ओढ्याकाठी असलो तर एकच खूण पुरते. दुसऱ्या रेषेचे काम धार स्वतःच करते. सह्याद्रीत आपण बहुतेक वेळ धारेवर किंवा सोंडेवरच असतो, त्यामुळे हा सोपा प्रकार अधिक कामाचा.

सातवी पायरी : धुके, गवत आणि मावळतीची वेळ

धुके दरीतून वर सरकताना दिसले की तेव्हाच, ते पोहोचण्यापूर्वी, उरलेल्या खुणांची दिशा आणि अंदाजे अंतर लिहून घ्यावे. धुक्यात शिरल्यावर दूरच्या खुणा संपतात आणि पायाखालच्या खुणा उरतात : धारेचा कणा, उताराचा रोख, वाऱ्याची दिशा, पाण्याचा आवाज. धार सोबतीला धरावी, पण कड्याचा काठ कधीच धरू नये. गट एकमेकांच्या नजरेत राहील इतकाच पसरावा आणि दर थांब्याला डोकी मोजावीत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत वाटेला झाकते. अशा वेळी वाट डोळ्यांऐवजी पायांना कळते. मळलेल्या वाटेवरची जमीन कठीण आणि किंचित खोलगट लागते. दुरून पाहिल्यास गवतातली वाट वेगळ्या छटेची रेघ होऊन दिसते, विशेषतः सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात.

दिवस किती उरला ते हाताने मोजता येते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळताना तासाला सुमारे १४ अंश खाली येतो. म्हणजे क्षितिज आणि सूर्य यांमध्ये एक मूठ मावत असेल तर मावळायला जेमतेम ४० मिनिटे आहेत. मावळल्यानंतरचा कामाचा उजेड आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांचाच. पश्चिमेला डोंगर आड असेल तर दरीत अंधार याहून आधी पडतो. दोन मुठी उरल्या असताना माथा सोडलेला असावा.

आठवी पायरी : वाट हरवली असे वाटताच

शंका आली की लगेच थांबावे. “थोडे पुढे जाऊन बघू” हे वाक्य गटात कोणी उच्चारले तरी मान्य करू नये. बसावे, पाणी प्यावे आणि खात्रीची शेवटची खूण कोणती, ती सोडून किती वेळ झाला, हे सर्वांनी मिळून आठवावे. ती खूण अर्ध्या तासाच्या आत असेल तर त्याच वाटेने परत जावे. अंदाजाने आडवे जाऊन जवळचा मार्ग काढण्याच्या प्रयत्नात माणसे कारवीत आणि घसाऱ्यात अडकतात.

ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेले की वस्ती लागते, हा सल्ला अनेकदा ऐकू येतो. सपाट प्रदेशात तो ठीक असेल. सह्याद्रीत तो जिवावर बेतणारा आहे, कारण इथला ओढा थर ओलांडताना कड्यावरून उडी घेतो, आणि एक टप्पा उतरून गेलेल्या माणसाला मग खालीही जाता येत नाही आणि निसरड्या कातळावरून वरही येता येत नाही. उतरायचेच असेल तर सोंडेने उतरावे. सोंडेवरून चारी बाजूंचे दिसते, मोबाइलला नेटवर्क मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि शोधायला आलेल्यांनाही आपण दिसतो.

अंधार पडला आणि खात्रीची खूण हाती नसेल तर जागा सोडू नये. कड्यापासून दूर, ओढ्याच्या पात्राबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला थांबावे. शिट्टीच्या मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ही संकटाची खूण गिर्यारोहकांना सर्वत्र कळते. बॅटरीचा झोतही त्याच तालात देता येतो. ११२ वर फोन लागला तर आपली जागा सांगताना पुन्हा खुणांकडेच यावे लागते : कोणत्या गावातून निघालो, शेवटची पक्की खूण कोणती, त्यानंतर किती वेळ कोणत्या रोखाने चाललो, आता कड्याच्या वर आहोत की खाली, पाण्याचा आवाज येतो का. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दिसत असतील तर तेही द्यावेत, पण शोधायला निघालेल्या स्थानिकांना खुणांवरून जागा लवकर ओळखू येते.

नववी पायरी : इतरांसाठी टिपण लिहिणे

परतल्यावर त्याच रात्री टिपण लिहावे. दोन दिवसांनी फाट्यांचा क्रम आठवत नाही. वाट सांगताना खुणा चालण्याच्या क्रमाने याव्यात, प्रत्येक वळणाला एक खूण असावी, आणि डावे-उजवे कोणत्या दिशेने चालताना ते स्पष्ट असावे. ओढ्याच्या बाबतीत ‘डावा काठ’ असे लिहिण्यापेक्षा ‘चढताना ओढा उजव्या हाताला’ असे लिहावे. ‘पुढे थोडी चढण आहे’, ‘सुंदर पठार लागते’ अशी वाक्ये वाट शोधणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

नमुन्यादाखल एक टप्पा असा लिहिता येईल : “वस्तीतल्या शेवटच्या घरामागून बैलगाडीची वाट पूर्वेला निघते. दहा मिनिटांनी एकटा आंबा. तिथे दोन वाटा फुटतात. डावी रुंद आहे, पण ती पाणवठ्यावर जाऊन संपते. उजवी अरुंद वाट धरावी. चढताना ओढा उजव्या हाताला राहतो आणि एकदाच ओलांडावा लागतो. ओलांडल्यावर पाऊण तासात खिंड. खिंडीपूर्वी वाट उतरू लागली तर आंब्याखालची चुकीची वाट धरली आहे असे समजून परत फिरावे.” यात चुकणाऱ्याचीही सोय आहे, आणि चांगल्या टिपणाची माझी कसोटी तीच आहे.

टिपणाच्या माथ्यावर महिना आणि वर्ष आवर्जून लिहावे, कारण जानेवारीत लिहिलेला ‘कोरडा ओढा’ जुलैत कमरेइतक्या पाण्याचा असतो. कोणत्या खुणा पक्क्या आणि कोणत्या त्या ऋतूपुरत्या, हेही प्रत्येकीपुढे एका शब्दात नोंदवावे. ज्या मामांनी किंवा मावशींनी वाट सांगितली त्यांच्या गावातल्या लोकांना पुन्हा गेल्यावर टिपण वाचून दाखवावे. एखादी वाट बंद झाली असेल तर ते तिथेच सांगतील.